आतली बाई

"खोल."

शामराव चपराशी फाटकात आडवा उभा होता. माझ्या हातात गाठोडं होतं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, छातीशी धरलेलं. दुपार कलली होती. दवाखान्याच्या कंपाउंडात गाड्या सोडलेल्या होत्या. कडुनिंबाखाली कोणी भाकर खात बसलं होतं.

"काय नेऊन राह्यली?"

"लेकरू हाय," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"त्या कोलाम बाईचं. सकाळी झालं ते. मेलेलं."

तो हसला. मागं वळून बसलेल्या माणसांकडे पाहिलं, त्यांनीही हसावं म्हणून.

"तांड्याच्या बाया लय हुशार. मेलेलं लेकरू म्हणे. मागं एकीनं पोटाले चादर बांधून नेली होती. खोल, मी पाहातो."

मी वर पाहिलं. व्हरांड्यात सिस्टरबाई उभ्या होत्या. सकाळी त्यांच्याच हातावर ते मूल आलं होतं. त्यांनीच पाय धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, मग मान हलवून बाजूला ठेवलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलल्या असत्या तरी झालं असतं. मी त्या एका शब्दाची वाट पाहिली.

"दाखवून टाक गं," त्या म्हणाल्या. "नियम आहे. कशाला वाद घालतेस?"

मी उभ्यानेच गाठ सोडली.

एवढंसं तोंड. कपाळावर काळे केस चिकटलेले. ओठ निळे. झडती घ्यायला पुढं आलेला शामरावचा हात तिथंच राहिला. भाकर खाणाऱ्यानं हातातला तुकडा खाली ठेवला. एका बाईनं आपल्या पोराचं तोंड पदराखाली घेतलं.

"झाक, झाक ते!" सिस्टरबाई वरून ओरडल्या.

जसं काही मीच त्याला उघडं टाकलं होतं.

मी गाठ मारायला लागले. मारता येईना. कोणी पुढं आलं नाही. कशीबशी गुंडाळी केली आणि फाटकातून बाहेर पडले.

त्या दवाखान्यात मी कशी आले, ते आधी सांगितलं पाहिजे. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझा जन्म तांड्यावरचा. मारेगावकडचा आमचा तांडा. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलुख फिरले. मग आगगाडी आली, सडका झाल्या. बैलांचं काम गेलं. टेकडीच्या उताराला दगडगोट्याची जमीन फोडून आमची माणसं तिथंच बसली. गावानं मात्र आम्हाला कधी गावातलं धरलं नाही. गावात कोणाचं भांडं हरवलं तरी पोलीस तांड्यावर. मी लहान असताना पाहिलंय, बाप दारात उकिडवा बसलेला आणि शिपाई ज्वारीच्या कणगीत काठी खुपसतोय. काही सापडायचं नाही. सांडलेली ज्वारी आई गोळा करायची. कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

नवरा बैलांच्या खरेदीला तेलंगणाकडे गेला आणि तिकडेच मरीच्या साथीत गेला. त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. मी पाटलांच्या वावरात कापूस वेचला, सडकेच्या कामावर गिट्टी फोडली. एक पोरगी होती. जमनी.

जमनीचं लग्न लहानपणीच झालं होतं. डोंगरापलीकडच्या तांड्यावर दिली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माझ्याकडे आली. सोळा वर्षांची असेल. पोट घेऊन चालताना अजून पोरींसारखी धावायची. मी ओरडायची.

कळा सुरू झाल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या. आमच्या तांड्यावरच्या म्हातारीनं होतं तेवढं केलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं हात धुतले आणि म्हणाली, दवाखान्यात ने. गाडी जुंपली. तिचं डोकं माझ्या मांडीवर. खाचखळग्यांतून गाडी आपटली की ती माझं मनगट आवळायची.

"याडी, कतरा दूर छ?" ती विचारायची. आई, किती दूर आहे?

मी म्हणायची, आलंच. आलं नव्हतं.

दवाखाना बाजाराच्या गावी. त्या गावाचं नाव मी घेत नाही. तसे दवाखाने तेव्हा सगळीकडेच होते. पोरीला उचलून आत नेलं. मी मागोमाग गेले. सिस्टरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा फेटिया, म्हणजे आमचा तो घेराचा घागरा, गाडीच्या धुळीनं भरलेला.

"तू कोण?"

"माय आहो मी तिची."

"माय बाहेर. या घागऱ्यांत जगाची घाण घेऊन येता. शामराव, हिला फाटकाबाहेर कर."

"तिले मराठी बोलता येत नाई," मी म्हटलं. "तिले आमचीच बोली येते. मले राहू द्या जवळ."

"बाळंतपणाला मराठी लागत नाही," त्या म्हणाल्या.

तेवढंच बोलणं झालं. शामरावनं मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. मी रस्त्याच्या कडेला बसले. तिथून दवाखान्याचं कौलारू छप्पर दिसत होतं, आवाज येत नव्हता. आत काय चाललंय काही कळायला मार्ग नव्हता. ऊन चढलं. एकदा शामरावच म्हणाला, "पोरगी झाली तुह्या पोरीले." मी रस्त्यावर डोकं टेकलं.

मग बराच वेळ काहीच नाही. मग त्यानं मला आत बोलावलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

जमनी खाटेवर होती. अंगावर दोन कांबळी. चेहरा चुन्यासारखा. मी कांबळं ओढलं. खालचं सगळं भिजलेलं. खाटेखाली जमिनीवर उतरलेलं.

सिस्टरबाई म्हणाल्या, "खूप उशिरा आणलंत. तुम्ही लोक असंच करता."

मी रडले नाही. ते कसं ते मला सांगता येत नाही. पोरीला गाडीत घातलं, नातीला छातीशी बांधलं आणि तांड्यावर आले. माझ्या चुलतभावाची बायको अंगावर पाजत होती. तिनं नातीला घेतलं. म्हणून ती जगली.

महिना झाला असेल. बाजाराच्या दिवशी मी त्या गावात गेले होते. दवाखान्यातली आया, गिरजाबाई, मला भाजीच्या रांगेत दिसली. त्या दिवशी आत तीच होती. तिनं मला ओळखलं आणि जागेवर उभी राहिली.

"तुही पोरगी काय म्हणे सारखी?" तिनं विचारलं. "मले झोप येत नाई वो. लोई, लोई म्हणे. याडी लोई, असं काईतरी. सिस्टरबाई म्हणल्या, थंडी वाजते तिले, लोई मांगते पांघराले. म्या कांबळं टाकलं. तरी म्हणेच. म्या दुसरं टाकलं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"लोई म्हणजे रगत," मी म्हटलं. "आमच्या बोलीत रगताले लोई म्हणते."

गिरजाबाई तिथंच, भाजीच्या पाल्यात, मटकन बसली. दोन्ही हात तोंडावर धरले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

माझी पोरगी सांगत होती. शेवटपर्यंत सांगत होती, माझं रक्त जातंय म्हणून. नीट, सरळ, आपल्या आईच्या बोलीत. आणि त्यांनी तिच्यावर कांबळं घातलं. रक्त दिसू नये असं झाकलं. आई फाटकाबाहेर बसलेली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. मी आत असते तर.

मला देव आठवला नाही, नशीब आठवलं नाही. जे कोणी समजूत घालायला आले त्यांना मी उठवून लावलं. कापूस वेचताना हात चालत होते आणि डोक्यात तेच फिरत होतं. आत कोणी नव्हतं. तिच्या बोलीचं आत कोणीच नव्हतं. मग एक दिवस वेचणीची ओटी सोडली, कापूस गंजीवर टाकला आणि गिरजाबाईचं घर विचारत गेले.

"मले दवाखान्यात काम पाह्यजे," मी म्हटलं. "कोणतंबी."

तिनं मला घरात घेतलं. चहा दिला. कप माझ्या हातात देण्याआधी थोडी थांबली. "आमी दीक्षा घेतलेले आहोत," ती म्हणाली. "चालते ना तुले?" मी कप घेतला. तेव्हा मला त्या थांबण्याचा अर्थ नीटसा कळला नव्हता.

एक आया काम सोडून गेली होती. डॉक्टर नवे आले होते, भल्या स्वभावाचे. गिरजाबाईनं त्यांच्या कानावर घातलं. ते हो म्हणाले.

तांड्यावर मात्र आग लागली. नायकानं मला सगळ्यांपुढं उभं केलं. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख.

"गोर बाई कोराचं गू-मूत काढील?" तो म्हणाला. आम्ही गोर, बाकीचं जग कोर. "तांड्याचं नाक जाईल."

"जमनी मेली तवा कुठं होतं नाक?" मी विचारलं.

माझा सख्खा भाऊ उठून गेला. त्यानं पुढं कित्येक वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. नातीला चुलतभावजयीकडे ठेवून मी बाजाराच्या गावी खोपटं केलं. तेव्हा माझी तिशी उलटली होती. नक्की वय मला ठाऊक नाही, आमच्यात कोण लिहून ठेवतं. पण त्या वयात आमच्या बाया सुनांवर काम सोडून बसतात. मी नव्यानं झाडू धरला.

सिस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "तांड्यावरची आहे. कपाटाच्या चाव्या हिच्या हातात द्यायच्या नाहीत. आणि शामराव, संध्याकाळी जाताना हिची झडती."

त्यांना जमनी आठवत नव्हती. मी नाव सांगितलं तरी आठवली नाही.

काम म्हणजे खाटेखालचे शौचाचे पाट काढायचे, फरशी फिनेलनं पुसायची, बाळंतिणींचे कपडे मागच्या हौदावर धुवायचे. थंडीत हात फुटायचे, त्यात फिनेल जायचं. ते मला जड नव्हतं. जड होतं ते दुसरंच. तांड्यावरची नाहीतर पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, बाई आली, आणि ती आपल्या बोलीत ओरडायला लागली, की सिस्टरबाई मला हाक मारायच्या.

"विचार तिला, काय म्हणते."

मी विचारायची. सांगायची. गोरबोली माझीच, कोलामांची तोडकीमोडकी समजायची. मी सांगून झालं की, "हं, आता बाहेर जा."

माझी जीभ त्यांना पाहिजे होती. मी नको होते. मी दाराबाहेर उभी राहायची आणि फटीतून पाहायची. हात कसे धुतात, कात्री कशी उकळतात, नाळ कुठं बांधतात. कोणी शिकवलं नाही. पाहिलं म्हणून कोणी हटकलंही नाही. आयाला डोळे असतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आणि संध्याकाळी फाटक.

कंपाउंडर जायचा, ड्रेसर जायचा, गिरजाबाई जायची. मी आले की शामराव उठायचा. माझा फेटिया मी झटकायचा. ओढणी सोडून दाखवायची. भाकरीचं फडकं उघडायचं. येणारे-जाणारे पाहत राहायचे. काही दिवसांनी पोरं मुद्दाम जमायला लागली. मला वाटलं, या घेराच्या कपड्यामुळं असेल. एवढ्या चुण्यांत काहीही मावेल, त्यांना संशय येणारच. म्हणून मी फेटिया सोडला. बाजारातून लुगडं आणलं, गिरजाबाईकडून नेसायला शिकले. त्या रात्री आरशाच्या तुकड्यात स्वतःला पाहिलं तर कोणीतरी परकीच बाई दिसली.

दुसऱ्या संध्याकाळी शामराव म्हणाला, "पदर झटक."

झडती माझ्या घागऱ्याची नव्हती तर.

गिरजाबाई एकदा माझ्यासाठी फाटकाबाहेर थांबली. झडती संपल्यावर आम्ही चालायला लागलो. ती म्हणाली, "मी एक सांगू? तू त्याच्या म्हणायच्या आधीच पदर झटकतं."

मी म्हटलं, "लवकर सुटका होते."

"नाई होत," ती म्हणाली. "आमीबी तेच करत होतो. दवाखान्यात आमच्यासाठी वेगळी घागर होती. म्या आपणहून तिथंच जाऊन पाणी पेयाची, कोणी म्हणायच्या आधी. वाटे, कटकट नाई. मंग नागपूरले जाऊन आलो. आल्यावर पहिल्या दिवशी मोठ्या घागरीतून पाणी घेतलं. सिस्टरबाई दोन दिवस घरून पाणी आणत होत्या. पण म्या सोडली नाई घागर."

"तुले काढलं नाई?"

"काढतीन तर काढू दे, असं मनात ठेवूनच हात घातला होता."

मी तेव्हा मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पदर झटकला. मला काम पाहिजे होतं. मला आत राहायचं होतं, दाराच्या फटीपुरतं का होईना. त्यासाठी काहीही सोसायची माझी तयारी होती. असंच वर्ष गेलं असेल, जास्तच.

मग ती कोलाम बाई आली. मुकुटबनकडच्या डोंगरातल्या पोडावरची. नवरा तिला पाठीवर घेऊन आला होता. मूल मेलेलंच आलं. नवरा गाडीची सोय करायला गेला. त्या काळात असली लेकरं मागच्या खड्ड्यात टाकायची पद्धत होती. तिनं ते बघितलं असावं, की कोणी सांगितलं, ठाऊक नाही. मी पाट काढायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. गाडीत जमनी धरायची तसंच.

"बाई, खड्ड्यात नको टाकू देजो," ती म्हणाली. "मातीत निजव."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ने. म्हणून मी ते गाठोडं घेऊन निघाले होते. म्हणून फाटकात शामराव म्हणाला, खोल.

ते तुम्हाला सांगितलंच.

ओढ्याच्या काठाला मी हातांनीच माती उकरली. शेजारच्या वावरात एक माणूस वखर चालवत होता. त्यानं बैल थांबवले, कुदळ आणून दिली आणि लांब जाऊन उभा राहिला. लेकराला निजवलं. वर दगड ठेवले. मग मी तिथं बसले आणि पहिल्यांदा रडले. जमनी गेल्यापासून पहिल्यांदा. त्या माणसाला ऐकू जात होतं, पण मला थांबताच येईना. कुत्र्यासारखा आवाज निघत होता. मी त्या लेकराला उघडं केलं होतं. बाजार भरल्यासारखं दाखवलं होतं. कशासाठी? मला उद्या पुन्हा फाटकातून आत जाऊ द्यावं म्हणून.

मग मला दिसलं, की असं आत राहून मी आत नव्हतेच. मी अजून त्याच रस्त्याच्या कडेला बसलेली होते.

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यासारखं काम केलं. संध्याकाळी सुट्टी झाली. मी फाटकात आले. शामरावनं सवयीनं हात पुढं केला. काल जे झालं त्याचा त्याच्या तोंडावर मागमूस नव्हता.

"पदर झटक."

"नाई झटकत," मी म्हटलं.

"काहून?"

"आधी सिस्टरबाईची पिशवी पाहा. मंग कंपाउंडरची. मंग डॉक्टरसाहेबाची. सगळ्यायची पाह्यली का माही पाहा."

आणि मी फाटकात खाली बसले. मधोमध.

आधी हसले. मग ओरडले. सिस्टरबाई आल्या, लाल झालेल्या. "उठ! लाज वाटत नाही तुला? मी चोर आहे का?"

"मी आहो का?" मी विचारलं.

शामराव मला दंडाला धरायला आला. मी म्हटलं, "हात लावजो नको. एकदा काढलं तू मले या फाटकातून. तवा माही पोरगी आत मरून राह्यली होती." त्याचा हात मागं गेला. त्याला आठवलं असेल. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

गिरजाबाई मागून आली. तिनं आपली कापडी पिशवी शामरावच्या पुढं उलटी केली. पोळीचं फडकं, तंबाखूची डबी, पोरासाठी घेतलेला कांदा. "पाहा माही," ती म्हणाली. "पाह्य ना!" तो पाहीना. तिनं सगळं गोळा केलं आणि माझ्या शेजारी थोडा वेळ उभी राहिली. मग तिला जावं लागलं, घरी तान्हं होतं. बाकी कोणी आलं नाही.

शेवटी डॉक्टर आले. भला माणूस. त्यांनी वाकून, हळू आवाजात म्हटलं, "बाई, तू समजदार आहेस. एवढ्याशा गोष्टीसाठी तमाशा कशाला? दोन मिनिटांचं काम असतं."

"दोन मिंटांचं हाय ना साहेब," मी म्हटलं. "मंग तुमीच द्या पहिले झडती. मी उठतो."

ते सरळ झाले. घाम पुसला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना खिसे उलटे करून दाखवायला काही जड नव्हतं. पण जमलं नाही. मी पाहत होते, खरंच जमलं नाही त्यांना. माझ्यावर दया करणं त्यांना सोपं होतं. माझ्यासारखं उभं राहणं जमेना.

"उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले. सगळे मागच्या दारानं गेले. मी अंधार पडेपर्यंत तिथं बसले. मग उठले. पदर न झटकता बाहेर पडले.

काम गेलं. तांड्यावर परत जायला तोंड नव्हतं आणि इच्छाही नव्हती. पुन्हा गिट्टी फोडायला लागले. ते दिवस वाईट होते. पोटात काही नसलं की डोकं उलटं चालतं. वाटायचं, झटकला असता पदर तर काय झालं असतं. आज निदान दाराशी उभी असते. नातीला पाहायला गेले तर ती भावजयीच्या मागं लपली, मला ओळखेना. एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी होते. खोटं कशाला सांगू.

गिरजाबाईनंच येऊन सांगितलं. यवतमाळला सरकारी दाईचं शिक्षण निघालंय, खेड्यांसाठी बाया घेताहेत. मी मोटारीनं यवतमाळला गेले. कचेरीतल्या बाबूनं विचारलं, वय काय, शिक्षण काय. मी सांगितलं. तो बाजूच्याला म्हणाला, "हे पाहा, आजीबाई शाळेत चालल्या." मी गेले नाही. बाकावर बसून राहिले. त्यानं दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी आले. तो म्हणाला, बाईसाहेब दौऱ्यावर आहेत. मी म्हटलं, येतीन ना. बस स्टँडवर झोपायची, सकाळी येऊन बसायची.

शेवटी बाईसाहेबांनी बोलावलं. चष्मा लावलेल्या, थकलेल्या बाई. समोर बऱ्याच पोरी बसलेल्या. काही बाभुळगावकडच्या चांगल्या शेतकरी घरातल्या, सातवी झालेल्या, वेण्या घातलेल्या. प्रत्येकीला त्या विचारत होत्या, तुला दाई का व्हायचंय. पोरी सांगत होत्या, समाजाची सेवा करायची आहे. एकीनं सांगितलं तेच दुसरीनं.

माझी पाळी आली.

"तुम्ही का आलात? या वयात?"

"सेवा नाई करायची मले," मी म्हटलं.

पोरी हसल्या.

"मग?"

"मले आत राह्यचं आहे. बाई आत ओरडत असते तवा. आमच्या बाया काय म्हणून राह्यल्या ते तुमच्या लोकायले समजत नाई, न् त्या मरून जातात. मले समजते."

त्यांनी चष्मा काढला.

"असं बोलायचं नसतं इथं," त्या म्हणाल्या. "सेवा करायची आहे, म्हणा."

"नाई म्हणत," मी म्हटलं.

त्यांनी मला घेतलं. माझ्यावर दया आली म्हणून नाही. डोंगराकडच्या तांड्यांवर, पोडांवर जायला त्या वेण्यावाल्यांपैकी एकही तयार नव्हती. मी तयार होते. त्यांची गरज आणि माझा हट्ट एका जागी आले, एवढंच.

अक्षरं मी तिथं शिकले, माझ्या लेकीच्या वयाच्या पोरींच्या मागं बसून. हात धुवायला शिकले, रक्त थांबवायला शिकले. कधी थांबत नाही, तेही शिकले. आता त्याच डोंगरात काम करते. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात नाले चढतात, गाडी निघत नाही. माझ्या हातांवरही बाया गेल्या आहेत. त्यांची तोंडं मला पाठ आहेत. गावातले पाटील अजून म्हणतात, आधी आमच्या घरची, मग तांड्याची. मी आधी जिचं जास्त अडलंय तिच्याकडे जाते. त्यांनी दिलेली खोली सोडावी लागली. सोडली.

पण मी आता कोणाच्या फाटकात उभी राहून परवानगी मागत नाही. कोणी म्हणतं, ही कोण? कोणी म्हणतं, तांड्याची हाय. कोणी म्हणतं, एवढ्या वयात हे कुठून सुचलं हिला.

माझं वय विचारू नका. माझी जात विचारू नका. आतल्या बाईला काय होतंय तेवढं सांगा, आणि दारातून बाजूला व्हा.